हिरवं मशीन, पिवळी बॅटरी, लाल चार्जर

खरेदीच्या बाबतीत अजित गमरेला कोणी शहाणपण शिकवू नये, असं खुद्द अजित गमरेचं ठाम मत होतं. परळच्या एका कंपनीत खरेदी खात्यात त्याची सतरा वर्षं गेली होती. टाचणीच्या डबीपासून जनरेटरपर्यंत कुठलीही वस्तू त्याच्या सहीशिवाय कंपनीचं दार ओलांडत नसे. घरी त्याची बायको प्रिती त्याला साधी कोथिंबिरीची जुडीसुद्धा आणू द्यायची नाही, पण ती गोष्ट वेगळी. कोथिंबिरीला कोटेशन मागवता येत नाही, त्याला मी काय करणार, असं तो म्हणायचा.

तर नायगावची बीडीडी चाळ पडली, गमऱ्यांनी चार वर्षं संक्रमण शिबिरात काढली आणि अखेर नव्या टॉवरमधल्या चौदाव्या मजल्यावरच्या घराची किल्ली हातात आली. सगळं घर आनंदात होतं. फक्त अजितचे वडील शामराव, ज्यांना अख्खी चाळ नाना म्हणायची, ते गप्प होते. चिठ्ठ्या काढून घरं वाटल्यामुळे एका गॅलरीतली माणसं बावीस मजल्यांवर विखुरली होती. दार बंद झालं की आत माणूस आहे की नाही हे कळणार कोणाला, एवढंच ते म्हणाले. आणि मग त्यांनी आपली एकमेव अट सांगितली.

अट तसबिरीची होती. नानांच्या वडिलांनी गिरणीच्या पहिल्या बोनसमधून बाबासाहेबांची मोठी तसबीर सागवानी चौकटीत बसवून घेतली होती. साठ वर्षं ती चाळीतल्या भिंतीवर होती. संक्रमण शिबिरातल्या पातळ भिंतीला तिचं वजन पेलेना, म्हणून ती चार वर्षं कपाटावर टेकून ठेवावी लागली, आणि हे नानांच्या मनाला फार लागलं होतं. बाबासाहेबांना आपण चार वर्षं कपाटावर भाड्याने ठेवलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. म्हणून नव्या घरात आधी तसबीर भिंतीवर चढेल, मगच सामानातली पहिली वस्तू उंबरठा ओलांडेल, आणि तोवर तसबीर जमिनीला टेकणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. रविवारी साडेअकराला भन्तेजी वंदनेला येणार होते. त्याआधी हे व्हायला हवं होतं.

"एवढंच ना?" अजित म्हणाला. "माझ्यावर सोडा."

अडचण दोन जागी होती. नव्या घराच्या भिंती नखशिखांत काँक्रीटच्या, त्यात खिळा जाणार नाही, ड्रिल मशीनच हवं. आणि त्या मजल्यावरच्या घरांत मीटर बसले असले तरी वीज त्या रविवारनंतरच्या मंगळवारी येणार होती, म्हणजे वायरवालं मशीन उपयोगाचं नाही, बॅटरीवरचं हवं. यावर अजितने जी योजना काढली, ती त्याला आयुष्यातली सर्वोत्तम योजना वाटली होती. अजूनही कोणी विषय काढला नाही तर तसंच वाटतं.

चाळीत कुठलीही मोठी वस्तू एकाच घराने अख्खी घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. शिडी एका खोलीत असायची, मोठं पातेलं दुसऱ्या खोलीत आणि त्याचं झाकण तिसऱ्या. बारशाला शेगडी एकाची यायची, सिलिंडर दुसऱ्याचा, आणि खीर बिनबोभाट शिजायची. मग ड्रिल मशीन तरी एकाने का घ्यावं? अजितने जुन्या गॅलरीतल्या दोघांना बोलावून घेतलं. मनू हा त्याच्या लहानपणापासूनचा दोस्त, हिंदमाताला साड्यांच्या दुकानात सेल्समन. दर्शना शेजारच्या खोलीतली, हॉस्पिटलात नर्स. अजितने कामं वाटून दिली. मशीन तो घेणार, बॅटरी मनू घेणार आणि चार्जर दर्शना. बावीस मजल्यांना एक सेट पुरेल, आणि कोणावर बोजा नाही.

प्रिती चहा देता देता थांबली. तिन्ही वस्तू एकाच कंपनीच्या नकोत का, असं तिने विचारलं.

नव्या कारकुनाकडे बघून हसतात तसा अजित हसला. "सिलिंडर कुठल्याही शेगडीला लागतो की नाही? मग? अठरा व्होल्ट म्हणजे अठरा व्होल्ट. एकाच कंपनीचं मागितलं की दुकानदार चढतो. ज्याला जिथे स्वस्त मिळेल त्याने तिथून घ्यायचं. यालाच खरेदी म्हणतात."

प्रितीने कप ठेवला आणि ती आत गेली. तिला बँकेत रोज अशी माणसं भेटत असल्यामुळे कुठे थांबावं हे कळत होतं.

अजितला मशीन ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळालं. हे आपल्या हुशारीमुळे झालं अशी त्याची समजूत होती. खरं म्हणजे बॅटरीशिवाय मशीन त्याच किमतीला मिळतं, पण ते त्याला सांगणार कोण? मनूने बॅटरी नागदेवी स्ट्रीटच्या एका ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली आणि दर्शनाने चार्जर सेलमधून मागवला. पहिलं भोक नानांच्या घरात, तोवर कोणी खोका फोडायचा नाही, असं अजितनेच ठरवून दिलं. चाळीत नव्या वस्तूचं उद्घाटन सगळ्यांसमोर व्हायचं, हीसुद्धा रीतच होती. त्यामुळे महिनाभर तीन खोके तीन घरांत सेलोटेपसकट बसून राहिले.

रविवारी सकाळी दहा वाजता चौदाव्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये चार माणसं, एक खुर्ची आणि एक तसबीर होती. खुर्ची प्लास्टिकची, वॉचमनकडून मागून आणलेली. तिच्यावर नाना बसले होते आणि त्यांच्या मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली तसबीर उभी होती. अजितची आई बकुळाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी एकदा तसबीर ओट्यावर ठेवायचं सुचवून पाहिलं होतं, पण ओट्यावर कुकर ठेवतात, असं नाना म्हणाले. तुमची बोटं दुखतील, मी धरते, असंही त्या म्हणाल्या, पण काच जुनी होती आणि नाना ती कोणाच्या हातात द्यायला तयार नव्हते. खाली सगळा संसार भरलेला टेम्पो उभा होता आणि टेम्पोपाशी प्रिती उभी होती. सामानाची लिफ्ट सोसायटीने त्यांना दहा ते एक एवढ्याच वेळेपुरती दिली होती.

मनू बॅटरी घेऊन आला होता. दर्शनाची रात्रपाळी लांबली होती, म्हणून तिचा चार्जरही त्याच्याकडेच होता. अजितने तिन्ही खोके ओळीने मांडले आणि घसा साफ केला.

"अजित, ऐक जरा," नाना म्हणाले.

"नाना, तुम्ही फक्त बघत राहा. मी आहे ना," अजित म्हणाला आणि त्याने सेलोटेप फाडला.

मशीन हिरवं निघालं, बॅटरी पिवळी, चार्जर लाल. मनूने तिन्हींकडे आपल्या धंद्याच्या नजरेने पाहिलं. साडी हिरवी, ब्लाऊज पिवळा, फॉल लाल. "चालतं रे," तो म्हणाला, "कॉन्ट्रास्ट आहे."

अजितने बॅटरी मशीनच्या मुठीखाली सरकवली. ती सरकली नाही. त्याने ती उलटी करून पाहिली, मग तिरकी, मग फुंकर मारून. मशीनच्या मुठीखाली दोन खाचा होत्या आणि बॅटरीला तीन दांडे होते, आणि तिसऱ्या दांड्याचं काय करायचं यावर मशीन गप्प होतं. मनूने मशीन छातीशी धरलं आणि अजितने बॅटरीवर गुडघा दिला. कसलासा कटकन आवाज झाला. तो अजितच्या गुडघ्याचा होता.

मग त्यांनी चार्जर पाहिला. बॅटरी मशीनला बसत नसली तरी निदान चार्ज तरी होईल, असा अजितचा विचार होता. त्याचा नेमका काय उपयोग होणार होता हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण काहीतरी कशात तरी बसावं असं त्याला फार वाटत होतं. लाल चार्जरने पिवळी बॅटरी आत घेतलीच नाही. तिन्हींवर लेबल लावलेलं होतं आणि तिन्हींवर अठरा व्होल्ट असं स्पष्ट लिहिलं होतं. अजितने ते तीनदा वाचलं. मनू म्हणाला, बॅटरीचा जास्तीचा दांडा ग्राइंडरने कापून टाकू. ग्राइंडर कशावर चालवायचा, असं अजितने विचारल्यावर त्याने बॅटरी परत खोक्यात ठेवली.

सव्वादहा झाले. ऑफिसात असं झालं असतं तर त्याने पुरवठादाराला कडक पत्र लिहिलं असतं. इथे पुरवठादार तोच होता.

"अजित, अरे ऐक तर," नाना पुन्हा म्हणाले.

"नाना, प्लीज. दोन मिनिटं."

त्याने हातोडी घेतली. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकून खिडकीकडे उडाला आणि बकुळाबाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. तिसरा कुठे गेला ते अजूनही कळलेलं नाही. भिंतीवर डास मारल्याएवढा ठिपका उमटला होता. प्रितीचा फोन आला. टेम्पोवाला रामू विचारत होता, माल चढवायचा की नाही, त्याला एक वाजता कुर्ल्याची दुसरी खेप होती. चढवायचा, चढवायचा, असं अजित म्हणाला आणि कधी ते न सांगता त्याने फोन ठेवला.

नानांनी डोळे मिटले होते. त्यांची बोटं चौकटीवर घट्ट होती आणि गुडघे थोडे थरथरत होते. शहात्तर वर्षांचा माणूस सकाळी नऊपासून पाच-सहा किलोंची तसबीर मांडीवर धरून बसला होता आणि ती खाली ठेवणार नव्हता. अजितला त्यांच्याकडे बघवेना. एका माणसाने आयुष्यात एक गोष्ट मागितली, तीही एका भोकाएवढी, आणि आपण सतरा वर्षांचा अनुभव घेऊन इथे उभे आहोत, असं त्याला वाटलं आणि स्वतःची खरोखर लाज वाटली.

शेवटचा उपाय म्हणून त्याने जुन्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मदत मागायचं ठरवलं. फोनची बॅटरी चार टक्क्यांवर आली होती, म्हणून त्याने घाईघाईने लिहिलं. "अर्जंट. बॅटरी बसत नाही. चार्जरचाही उपयोग नाही. नाना सकाळपासून एका जागी बसलेत, उठत नाहीत. साडेअकराच्या आत काहीतरी करायला हवं. कोणाकडे असेल तर लगेच चौदाव्या मजल्यावर या." तसबिरीचा आकार कळावा म्हणून त्याने नानांचा एक फोटोही जोडला. फोटोत नानांचे डोळे मिटलेले होते, मान किंचित कलली होती आणि छातीशी बाबासाहेब होते.

मेसेज गेला आणि फोन बंद पडला. ड्रिल किंवा मशीन हा शब्द त्यात कुठेच नाही, हे अजितच्या लक्षात आलं नाही. ते फक्त ग्रुपवरच्या एकशे चाळीस माणसांच्या लक्षात आलं.

मनूला लिफ्टपाशी रामूला थोपवून धरायला सांगून अजित स्वतः हार्डवेअरचं दुकान शोधायला निघाला. निघताना दारात नाना तिसऱ्यांदा म्हणाले, "अजित, माझं एक ऐकून जा." त्याने ऐकलं नाही. तो धावत लालबागच्या दिशेने गेला. दोन दुकानं रविवारमुळे बंद होती. तिसऱ्याकडे फक्त कुलपं होती. मसाल्याच्या चक्कीवाल्याने त्याला शिंका येईपर्यंत थांबवून घेऊन पत्ता सांगितला, तो पहिल्या बंद दुकानाचाच निघाला. अकरा वाजून गेले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हात रिकामे, अशा अवस्थेत तो परत टॉवरच्या लॉबीत शिरला आणि जागच्या जागी थांबला.

लॉबी माणसांनी भरलेली होती. सगळे जुन्या चाळीतले. काही जण घरच्या कपड्यांवरच आले होते. एकाच्या खांद्यावर इन्व्हर्टरची बॅटरी होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. टेम्पोवाला रामू डोक्यावरची टोपी काढून हातात धरून उभा होता. अजितला पाहताच माणसं बाजूला झाली आणि त्याला वाट करून दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसांनी त्याला वाट दिली होती, म्हणून तो जास्तच घाबरला.

सीमावहिनी पुढे आल्या. चाळीत त्या समोरच्या खोलीत राहायच्या. त्यांनी अजितचा हात दोन्ही हातांत धरला. "धीर धर, अजित," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे आहोत."

काय झालं, असं अजितने विचारलं. त्यांच्याने बोलवेना. त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं.

प्रिती लॉबीत दिसत नव्हती, मनू दिसत नव्हता. एका लिफ्टपुढे रांग होती आणि दुसरी सातव्या मजल्यावर अडकली होती. तो जिन्याकडे धावला. पहिले चार मजले तो दोन-दोन पायऱ्या चढला, पुढचे चार एक-एक, आणि त्यानंतर कठड्याला धरून. प्रत्येक मजल्यावर त्याच्या कानात एकच वाक्य वाजत होतं. अजित, माझं एक ऐकून जा. तीन वेळा म्हणाले होते नाना. तीन वेळा त्याने गप्प केलं होतं. काय सांगायचं असेल त्यांना? छातीत दुखत होतं का? पाणी हवं होतं का? आणि आपण काय करत होतो, तर बॅटरीवर गुडघा देत होतो! अकराव्या मजल्यावर त्याला रडू फुटलं. तेराव्यावर त्याने ठरवलं की यापुढे नाना जे बोलतील ते सगळं ऐकायचं, आणि मग यापुढे या शब्दापाशी त्याला आणखी रडू आलं.

चौदाव्या मजल्यावर दाराबाहेर चपलांचा ढीग होता. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अजित माणसं सारत पुढे घुसला आणि बघतो तर नाना त्याच खुर्चीत, त्याच तसबिरीसह, डोळे टक्क उघडे ठेवून बसले होते. नर्सच्या युनिफॉर्ममधली दर्शना त्यांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होती. बकुळाबाई पदराने वारा घालत होत्या. मनू कोपऱ्यात उभा राहून फोनवर कोणाला तरी समजावत होता की पेसमेकर नाही रे, पेसमेकर नव्हताच कधी, ड्रिल, ड्रिल मशीन.

"नाना!" अजित त्यांच्या पायाशी बसला. हुंदके आवरेनात.

"याला काय झालं?" नानांनी दर्शनाला विचारलं.

मग उलगडा झाला. अजितचा मेसेज वाचून सगळ्यांनी एकच अर्थ काढला होता. नानांच्या छातीत मशीन आहे, त्याची बॅटरी गेलीय आणि ती बदलून मिळत नाहीये. बाविसाव्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंतची माणसं तशीच उठून आली होती. उलगडा झाल्यावर तीस माणसांनी एकाच वेळी अजितला झाडलं. दर्शनाने तर रात्रपाळीचा सगळा शीण त्याच्यावर काढला. रामू दारातून म्हणाला की मयत नसेल तर सामान चढवू का.

नाना मात्र रागावले नव्हते. ते एकेका चेहऱ्याकडे बघत होते. सीमावहिनी धापा टाकत आत आल्या, त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, "तू कितव्या मजल्यावर?" वहिनी म्हणाल्या, एकोणिसाव्या. "तरी आलीस," नाना म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

अजितने डोळे पुसले. त्याला तेराव्या मजल्यावरचा निश्चय आठवला. "नाना, तुम्ही सकाळपासून काहीतरी सांगताय. सांगा. आता ऐकतो."

नानांनी घसा खाकरला. "मी म्हणत होतो, की ही तसबीर..."

"हिरव्या मशीनची बॅटरी कोणाला हवी होती?" दारातून आवाज आला.

डोक्यावर पिवळं हेल्मेट घातलेली मनवा उभी होती. अजितची मावसबहीण, लालबागच्या एका बांधकामावर साइट इंजिनिअर. एकशे चाळीस माणसांत मेसेज नीट समजलेली ती एकटी होती, कारण मेसेज वाचून तिला नानांच्या तब्येतीआधी अजितचा स्वभाव आठवला होता आणि फोटोच्या कोपऱ्यात जमिनीवर पडलेलं हिरवं मशीन तिने ओळखलं होतं. तिच्या हातात हिरवी बॅटरी होती. साइटवर सकाळपासून वापरलीय, चार्ज दाखवणारा एकच लाइट शिल्लक आहे, चार्जर साइटवरच्या खोलीत बंद आहे, असं ती सांगत होती, पण ते ऐकायला अजित जागेवर नव्हता. निश्चय बाजूला राहिला. त्याने बॅटरी घेतली, मशीनच्या मुठीखाली सरकवली, आणि ती टक् करून बसली. तो टक् ऐकून हॉलमधल्या निम्म्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"अजित..." नाना म्हणाले.

"झालंच, नाना."

त्याने भिंतीचा मध्य मोजला, बरोबर उंचीवर खूण केली आणि मशीनचं बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, भिंतीतून पांढरी पूड उडाली, चौदाव्या मजल्याच्या खिडक्या थरथरल्या, आणि एक सुंदर, गोल, सरळ भोक पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी मशीन हळू झालं, कण्हलं आणि बंद पडलं. मनवाने बॅटरीचं बटण दाबून पाहिलं. एकही लाइट लागला नाही. पण आता काळजी कसली? अजितने भोकात प्लास्टिकचा गुल्ला ठोकला, हूक पिळून बसवला आणि घाम पुसून तो वडिलांकडे वळला. इतका आनंद त्याला जनरेटरच्या खरेदीतही झाला नव्हता.

"आता बोला, नाना."

"तीन लागतात," नाना म्हणाले.

"काय तीन?"

"भोकं. खाली दोन खिळे, त्यांच्यावर तसबीर उभी राहते. सगळं वजन त्यांच्यावर. वरची दोरी नुसती तोलाला, पुढे झुकू नये म्हणून. वरचे सांधे कधीचे ढिले झालेत, दोरीवर लटकवलीस तर चौकट हातात येईल." ते थांबले. "सकाळपासून तेच सांगतोय."

त्या तसबिरीसमोर अजित लहानाचा मोठा झाला होता. दहावीला जाताना, नोकरीला लागताना, लग्न करून आल्यावर, प्रत्येक वेळी तिला हात जोडले होते. ती किती खिळ्यांवर उभी आहे हे मात्र त्याने बेचाळीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्याने मशीनकडे पाहिलं. मशीनने काही केलं नाही. मनवाने घड्याळ दाखवलं. अकरा अठ्ठावीस. बाहेर लिफ्ट उघडल्याचा आवाज झाला आणि चपलांच्या ढिगापाशी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, भन्तेजी आले.

अजितने मग काही विचार केला नाही. वाकून त्याने नानांच्या मांडीवरून तसबीर उचलली. नानांनीही या वेळी ती सोडली. मनूने वरची दोरी हुकात अडकवली, आणि अजितने भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, दोन्ही तळवे चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांखाली टेकवले. तसबीर भिंतीवर उभी राहिली.

भन्तेजी आत आले. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, मग तिच्याखालच्या अजितकडे पाहिलं, आणि काही न विचारता ते बसायची जागा शोधू लागले. नाना खुर्चीतून उठले. अडीच तासांनी गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. त्यांनी तसबिरीखाली मेणबत्ती लावून घेतली आणि दाराकडे बघून म्हणाले, "रामू, चढली भिंतीवर. आण सामान."

सामान वीस मिनिटांत वर आलं, कारण रामूच्या जोडीला तीस माणसं होती. कपाट, पलंग, मिक्सर, पिंप, सगळं अजितच्या डोळ्यांसमोरून आत गेलं आणि कुठे काय ठेवायचं हे प्रितीने ठरवलं. त्याचं मत कोणी विचारलं नाही. मग सगळे खाली बसले आणि त्रिसरण, पंचशील सुरू झालं. हॉलमधल्या सगळ्यांचे हात जोडलेले होते. फक्त अजितचे वर होते. भोवतीचे आवाज एकत्र उमटायला लागले, तेव्हा ते चाळीच्या गॅलरीत उमटायचे तसेच वाटले, आणि बोटांना मुंग्या येत असताना अजितला एकदम भरून आलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने तसंच वाहू दिलं.

वंदना संपल्यावर मनूने एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाळ्यांची यादी केली. मजल्याप्रमाणे, अर्धा अर्धा तास, मंगळवारी वीज येऊन वायरवालं मशीन लागेपर्यंत. पहिलं नाव कोणाचं याबद्दल चर्चा झाली नाही. टेम्पोतून डब्यात आलेली खीर वाटली गेली. दर्शनाने पुढच्या महिन्यात सगळ्यांत मिळून एक मोठी शिडी घ्यायची कल्पना मांडली. पाय एकाने घ्यावेत, पायऱ्या दुसऱ्याने, असं मनू म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले. अजितही हसला असता, पण चौकट हलली असती.

नानांनी खीर खाल्ली, वाटी बकुळाबाईंकडे दिली आणि ते भिंतीसमोर येऊन उभे राहिले. चार वर्षांनंतर तसबीर पुन्हा भिंतीवर होती. त्यांनी मागे दोन पावलं टाकून पाहिलं, पुढे येऊन पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. सकाळपासून ते अजितशी धड दोन वाक्यं बोलू शकले नव्हते. आता ते काहीतरी बोलणार हे त्याला कळलं, आणि या वेळी तो मध्ये एक शब्द बोलला नाही.

"उजवी बाजू जरा खाली आलीय," नाना म्हणाले.

अजितने उजवा हात केसभर वर नेला.

"हां. आता बरोबर," नाना म्हणाले. "हलू नकोस."